एका पगारात चौघांचं घर चालवताना काटकसर नेमकी कुठे करावी?

प्रश्न: नवऱ्याचा एकट्याचा पगार, दोन शाळकरी मुलं, भाड्याचं घर. ऑफर बघून बघून खरेदी करते, तरी महिनाअखेरीला हात आखडतो. काटकसर नेमकी कुठे करावी? घरच्या घरी काय करता येईल आणि कुठल्या वस्तूंवर पैसे घालणं योग्य?

उत्तर: ताई, आधी ऑफर बघणं सोडा आणि दर किलोचा भाव बघायला लागा. मी डोंबिवलीत राहते. आमचंही घर बरीच वर्षं एका पगारावर चाललं, त्यामुळे जे स्वतः करते तेच लिहितेय.

‘दोनवर एक फ्री’ घेताना आपण किती वाचलं ते मोजतो, पण त्या तीन वस्तू या महिन्यात लागणार होत्या का, हे बघत नाही. पाकिटावर एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा भाव छापलेला असतो. दुकानात उभं राहून फक्त तो वाचायचा. दोन ब्रँडची पाकिटं वेगवेगळ्या वजनाची असली तरी खरं स्वस्त कोणतं ते तिथेच कळतं. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असंही नाही. शांपूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या बऱ्याचदा बाटलीपेक्षा दर मिलिलिटरला स्वस्त पडतात, आणि मुलं बाटलीतून भसाभस ओततात तेही थांबतं.

तेलाच्या बाबतीत तर फारच लक्ष ठेवा. डबा पंधराचा म्हणून विकला जातो, पण तो पंधरा किलोचा की पंधरा लिटरचा, ते विचारा. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात तेल भरतं १३ किलो ६५० ग्रॅम. दोन डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात, आणि फरक १ किलो ३५० ग्रॅमचा. पिशव्यांचंही तेच. सगळ्या पिशव्या एक लिटरच्या नसतात, काही त्याहून कमी भरतात, आणि भाव कमी दिसतो म्हणून आपण तीच उचलतो.

अंगाच्या साबणाचं वेष्टन एकदा उलटून बघा. कुठे ‘टॉयलेट सोप’ लिहिलेलं असतं, कुठे ‘बेदिंग बार’. टॉयलेट सोप असेल तर ग्रेड दिलेली असते आणि टीएफएमचा आकडा असतो, म्हणजे साबणात स्निग्ध घटक किती टक्के आहेत ते. ग्रेड एकला किमान ७६, ग्रेड दोनला ७०, ग्रेड तीनला ६०. बेदिंग बारला ४० टक्के असले तरी चालतात. जाहिरातीत गाजलेले काही महागडे साबण बेदिंग बार असतात, आणि जुन्या साध्या वेष्टनातले काही ग्रेड एक निघतात. मी ग्रेड एकच घेते. आणल्यावर वेष्टन काढून कपाटात कपड्यांमध्ये ठेवते. महिनाभर वारा लागला की साबण कडक होतो आणि नंतर पाण्यात लवकर विरघळत नाही. कपड्यांनाही वास राहतो, वेगळ्या गोळ्या आणाव्या लागत नाहीत.

आता धान्य. खरी बचत इथे आहे आणि त्यासाठी वर्षातून एकदा कंबर कसावी लागते. गहू, तांदूळ, तूरडाळ यांची बेगमी मार्च ते मे या काळात करा, नवा माल आलेला असतो आणि ऊनही कडक असतं. जुलै २०२२ पासून पॅक करून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, सुट्या धान्यावर आणि २५ किलोच्या वरच्या पोत्यावर लागत नाही. म्हणून तीस किलोचं पोतं दोन-तीन घरांत मिळून घेतलेलं बरं. गहू गच्चीवर दोन दिवस खणखणीत वाळवा, पण उन्हातून आणला की लगेच कोठीत भरू नका. गरम गहू झाकला की आत घाम धरतो आणि पावसाळ्यात वास मारतो. रात्रभर पसरून गार होऊ द्या, मग कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याचे थर देत भरा. तूरडाळीला एरंडेल चोळायचं, हाताला लागेल इतकंच. तांदूळ मात्र उन्हात घालू नका, तडकून त्याची कणी होते. तो सावलीतच वाळवायचा.

एकरकमी पैसे कुठून आणायचे, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. बेगमीच्या सुमाराला आपला नंबर येईल अशी भिशी लावणं हा आमच्याकडचा मार्ग. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो तो म्हणजे मुंबई ग्राहक पंचायत. १९७५ सालच्या गुढीपाडव्याला सुरू झालेली ही संस्था. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, माल एका ठिकाणी उतरतो आणि सभासदच त्याचं वाटप करतात. मधली दुकानदारी नसते, त्यामुळे भाव उतरतो. पण माझ्या मते मोठा फायदा वेगळाच आहे: यादी आधी द्यावी लागते. समोर रॅक नसतो, चकचकीत पाकिटं नसतात, त्यामुळे जे लागतं तेवढंच घरात येतं. तुमच्या भागात संघ आहे का ते विचारा. नसेल तर सोसायटीतल्या पाच-सहा जणींनी मिळून घाऊक बाजारातून आणायला सुरुवात करा, कुणाच्या परवानगीची गरज नाही.

वर्षाचं तिखटही असंच. लालबागच्या मिरची गल्लीत जाऊन मिरच्या निवडून घ्यायच्या. रंगाला बेडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी. तिथेच भाजून कांडपही होतं, पण देठं घरी काढली तर पैसे वाचतात आणि खराब मिरची नजरेला पडते. पाकिटातल्या मसाल्यापेक्षा हे स्वस्त तर पडतंच, आणि आपण काय खातो ते आपल्याला माहीत असतं. लहान मुलं असलेल्या घरात मला हे फार मोलाचं वाटतं.

वस्तूंबद्दल विचारलंत, तर माझं सरळ मत देते.

पंखा बिघडला आणि नवा घ्यायची वेळ आली, तर बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचाच घ्या. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज खातो, हा तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे सोळाएक युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात १००, ३००, ५०० युनिटांचे टप्पे असतात आणि वाचलेली युनिटं नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात. तुमचं बिल १०० च्या जरा पुढे जात असेल, तर दोन पंख्यांमुळे ते खालच्या टप्प्यात येऊ शकतं. मात्र चालू असलेला पंखा काढून नवा लावू नका, जुना संपू द्या.

नॉनस्टिक घेऊ नका. थर गेला की भांडं गेलं, मग पुन्हा नवं. त्या पैशात बिडाचा तवा येतो आणि तो मुलांच्या संसारापर्यंत टिकतो. नवा तवा घासून, पुसून, तेल लावून मंद आचेवर तापवायचा, अर्धा कांदा काट्याला टोचून तेल घालत फिरवायचा, असं आठवडाभर करायचं. पहिले काही डोसे चिकटतात, धीर धरा. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. आणि धुतला की ओला ठेवू नका.

कुकर चौघांना पाच लिटरचा पुरतो. आयएसआय खूण बघूनच घ्या, ती आता सक्तीची आहे. कुठल्या कंपनीचा, यापेक्षा तुमच्या गल्लीतल्या भांड्यांच्या दुकानात कुठल्या कुकरची रिंग, शिटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सहज मिळतात, ते आधी बघा. सुटे भाग मिळत राहिले तर कुकर वीस वर्षं जातो. तळाला बटाटे, वर वरण, त्याच्यावर भात असं एकदम लावलं की गॅसचा सिलिंडर चार-पाच दिवस जास्त जातो. मिक्सरलाही हाच नियम. जारचं पातं आणि खालचा रबरी कप्लर बदलून देणारा दुरुस्तीवाला जवळ असेल, तोच मिक्सर चांगला.

काही ठिकाणी मात्र काटकसर अजिबात करू नका. कुकरची कडक झालेली रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर बदला. गॅसच्या सुरक्षा नळीवर तारीख असते, पाच वर्षं झाली की नळी बदलायचीच. मुलांच्या शाळेच्या चपला-बूट मापाचे असू दे, ‘पुढच्या वर्षी होतील’ म्हणून मोठे घेतले तर पोर वर्षभर अडखळतं. आणि एमआरपीपेक्षा जास्त कुणी मागितले किंवा वॉरंटी असून दाद दिली नाही, तर गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तक्रार मराठीतही सांगता येते.

घरी करण्यासारख्या गोष्टींत मी गोधडीला सगळ्यांत वर ठेवते. आधी जुन्या कपड्यांचे दोन ढीग करा. सिंथेटिक साड्या, पॅंट, शर्ट बोहारणीला द्या, त्यांवर पातेलं किंवा डबा येतो, घासाघीस मात्र शांतपणे करा. सुती साड्या, पंचे, विरलेल्या चादरी घरात ठेवा. जमिनीवर एक सुती साडी दुमडून पसरायची, तिच्यावर पंचे-चादरींचे तीन-चार थर, वरून दुसरी साडी. हाताने सुरकुत्या काढत काढत कोपऱ्यांवर वजनं ठेवायची आणि लांब कच्चे टाके घालून सगळे थर धरून घ्यायचे. मग कडा आत मुडपून काठापासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनी फेरे घेत मध्याकडे यायचं. टाका गव्हाच्या दाण्याएवढा, दोन ओळींमध्ये बोटभर अंतर. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंतून गाठी पडतात. रोज दुपारी थोडं थोडं शिवलं तरी थंडीपर्यंत होते. दुकानातली ब्लँकेट पहिल्या धुण्यात गोळे धरतात, गोधडी जेवढी धुवाल तेवढी मऊ होते. आतले थर सिंथेटिक घालू नका, ते आतल्या आत सरकतात आणि गोधडीला फुगवटे येतात.

जाड कापडाच्या जुन्या पॅंट बोहारणीला न देता त्यांच्या बाजारच्या पिशव्या शिवा. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून दुकानात पिशवीचे वेगळे पैसे मोजावे लागतात, आणि महिन्याभरात ती रक्कम वाटते त्यापेक्षा जास्त होते. पिशवीच्या तळाला दुहेरी शिवण घाला आणि धरायचे बंद वरच्या काठाला न जोडता पार तळापर्यंत आणून शिवा, म्हणजे कांदे-बटाट्यांचं वजन शिवणीवर येत नाही.

मुलांच्या वह्यांचंही एक सांगते, कारण जूनमध्ये तो खर्च अंगावर येतो. शाळा संपली की जुन्या वह्यांतली कोरी पानं ब्लेडने शिवणीजवळून कापून घ्या, फाडू नका. कडा टेबलावर ठोकून सारख्या करा. वर-खाली जुन्या कॅलेंडरच्या जाड पानाचं कव्हर, दोन्हीकडे चिमटे. कडेपासून अर्धा इंच सोडून दाभणाने पाच भोकं पाडायची. चाळीसेक पानांच्या वर एकदम घेऊ नका, दाभण तिरकं जातं आणि मागची भोकं वाकडी निघतात. मग जाड दोरा वर-खाली नेत शेवटच्या भोकापर्यंत जायचं आणि त्याच भोकांतून परत यायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना सलग शिवण दिसते. गाठ मागे. आमच्याकडे कव्हरवर चित्र काढायचं काम मुलांचं असायचं आणि ती वही त्यांना दुकानातल्या वहीपेक्षा लाडकी असायची. कच्च्या गणितांना, पाढ्यांना, शुद्धलेखनाला या वह्या पुरतात, दुकानातल्या नव्या वह्या फक्त शाळेत तपासायला द्यायच्या विषयांना घ्याव्या लागतात. चौकटीची पानं मात्र रेघांच्या पानांत मिसळू नका, वेगळी शिवा. धाकट्याला अंक एकाखाली एक मांडायला तीच लागतील.