लार्स फॉन ट्रिअर यांच्या 'युरोप' त्रयीत दृश्यांच्या करामतीपलीकडे काही आहे का?

आपण विचारले आहे की या डॅनिश दिग्दर्शकाच्या सुरुवातीच्या तीन चित्रपटांत केवळ तंत्राची चमक आहे, की युरोपच्या भूतकाळाविषयी काही म्हणणेही आहे. माझ्या मते ते म्हणणे तंत्रातूनच मांडलेले आहे आणि ते कळण्यासाठी तिन्हींत येणाऱ्या संमोहनाकडे आधी लक्ष द्यावे लागते.

'द एलिमेंट ऑफ क्राइम' (१९८४) मध्ये कैरोत राहणारा फिशर हा पोलीस अधिकारी संमोहनावस्थेतच युरोपात परततो. सोडियमच्या दिव्यांसारख्या पिवळ्या उजेडात, पाण्याने भरलेल्या त्या पडक्या प्रदेशात खुन्याच्या मनाने विचार करता करता तो स्वतःच त्याच्यासारखा होत जातो. 'एपिडेमिक' (१९८७) मला विस्कळीत वाटतो. पण अभिनेता उडो कीर स्वतःच्याच भूमिकेत कोलोनवरील बॉम्बहल्ल्याची आईकडून ऐकलेली आठवण सांगतो, तो प्रसंग विसरता येत नाही.

'युरोपा' (१९९१) मात्र या तिन्हींत सर्वांत परिपूर्ण आहे. मॅक्स फॉन सिडो यांचा आवाज दहापर्यंत आकडे मोजत प्रेक्षकालाच १९४५ च्या जर्मनीत नेतो. जर्मन वंशाचा अमेरिकन तरुण लिओपोल्ड तेथे झेन्ट्रोपा या रेल्वे कंपनीत शयनयानाचा कर्मचारी होतो. आपण कोणाचीही बाजू न घेता या देशाशी केवळ चांगुलपणाने वागू, असा त्याचा भाबडा विश्वास असतो. अनेक दृश्यांत मागच्या पडद्यावर आधीच चित्रित केलेले कृष्णधवल दृश्य चालू असते आणि पुढे पात्रे, कधी रंगांत, वावरतात. त्यामुळे भूतकाळ डोळ्यांसमोर असूनही हाताला लागत नाही, ही जाणीव संवादांशिवाय पोहोचते. हे केवळ करामतीने साधत नाही, असे मला मनापासून वाटते.

कंपनीचा मालक हार्टमान याला निर्दोष ठरवण्यासाठी अमेरिकन कर्नल एका ज्यू माणसाला घेऊन येतो आणि युद्धकाळात हार्टमानने आपल्याला आश्रय दिला, अशी खोटी साक्ष तो देतो. त्या ज्यू माणसाची भूमिका फॉन ट्रिअर यांनी स्वतः केली आहे. देश पुन्हा उभा करण्याच्या घाईत अपराधाचा हिशेब कागदावर कसा मिटवला गेला, हे या एका प्रसंगात दिसते, आणि त्यानंतर हार्टमान स्नानाच्या टबात आत्महत्या करतो तेव्हा तो कागद किती पोकळ होता हेही उमगते.

म्हणून आपण 'युरोपा'पासून सुरुवात करावी. साक्षीच्या प्रसंगात कोण कोणाच्या नजरेला नजर देते, तेवढे नीट पाहावे आणि मगच मागच्या दोन चित्रपटांकडे वळावे.