मुंबई–न्यूयॉर्क : अंतर एकच, वेळ निराळा

प्रश्न : जून महिन्यात मुलीकडे न्यूयॉर्कला जायचे आहे. मुंबईहून थेट विमान मध्यरात्रीनंतर 1.30 ला सुटून त्याच सकाळी 8 ला पोहोचते, असे तिकिटावर छापले आहे. परतीचे विमान सकाळी 11.30 ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 11.30 ला मुंबईत उतरते. खरा प्रवास किती तासांचा? आणि पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्याने पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोहोचायला नको का? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते, म्हणून जातानाच्या साडेसहा तासांत साडेनऊ मिळवले की 16 तास होतात आणि येतानाच्या 24 तासांतून तेवढेच वजा केले की साडेचौदा उरतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे सरकतात आणि हा फरक साडेदहा तासांचा होतो.

पृथ्वीच्या फिरण्याविषयीची आपली शंका अनेकांना पडते. मात्र पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते आणि त्या हवेत उडणारे विमानही. धावत्या पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात उभ्या जागी उडी मारणारा माणूस मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तसेच हे आहे. दीड तासाचा फरक मुख्यतः वाऱ्यामुळे पडतो. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांतील तफावत व पृथ्वीचे परिवलन यांमुळे साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी 900 किलोमीटर आणि वाटेतील वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी अवघा 50 किलोमीटर धरला, तरी जाताना ताशी 850 आणि येताना 950 किलोमीटर अंतर कापले जाते. सुमारे 12,540 किलोमीटरच्या वाटेवर एवढ्यानेच दीड तास इकडचा तिकडे होतो.

हे 12,540 किलोमीटर शाळेच्या भिंतीवरील नकाशात पट्टी ठेवून मिळणार नाहीत. नकाशावरची सरळ रेघ प्रत्यक्षात सुमारे 14,200 किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा : तो उत्तरेकडे चढत आइसलँडच्या आसपास 65 अक्षांशाजवळ पोहोचतो आणि मग खाली उतरतो. विमान मात्र तंतोतंत या दोऱ्यावरून जात नाही. वारा, हवामान आणि कोणत्या देशाची हवाई हद्द खुली आहे हे पाहून मार्ग ठरतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या अनेक उड्डाणांना वळसा घ्यावा लागला. म्हणूनच त्याच मार्गाच्या दोन कंपन्यांच्या वेळा जुळत नाहीत.

नाशिककरांनी हिशेब मुंबईपासून नव्हे, घरापासून करावा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्याने कसारा घाट टाळता येतो, पण मुंबईतल्या गर्दीचा नेम नसतो आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचणे श्रेयस्कर. 1.30 च्या विमानासाठी आदल्या संध्याकाळी सहाच्या आत नाशिक सोडावे, आणि तिकिटावरची तारीख मध्यरात्रीनंतरची आहे हे घरात सर्वांना आधीच सांगून ठेवावे.