वडिलांना ताप नव्हता, मग सेप्सिस कसा झाला? आयसीयूत असताना आम्ही काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की वडील ७८ वर्षांचे आहेत, मधुमेह जुना आहे. दोन दिवस जेवले नाहीत, मग असंबद्ध बोलायला लागले. सोलापुरात आणलं तर थेट आयसीयूत घेतलं आणि लघवीच्या जंतुसंसर्गातून सेप्सिस झालाय असं सांगितलं. ताप नसताना हे कसं, ते वाचतील का आणि पुण्याला हलवावं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी सोलापुरातच आयसीयूत डॉक्टर म्हणून काम करते. तुमच्या वडिलांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या प्रकृतीबद्दल निकाल देणं योग्य नाही. पण अशा वेळी घरच्यांच्या हातात काय असतं ते सांगता येईल, आणि ते तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरंच जास्त असतं.

आधी तापाचं. ताप हा जंतू आणत नाहीत, तो आपलं शरीर जंतूंशी लढताना आणतं. उतारवयात ही प्रतिक्रिया मंदावते. त्यामुळे गंभीर संसर्ग असूनही बऱ्याच वृद्धांचं अंग गरम लागत नाही, काहींचं तर उलट गार पडतं. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडीही म्हणावी तशी वाढत नाही. मग दिसतं काय? माणूस गळून जातो, जेवण सोडतो, बाथरूमला जाताना पडतो, दिवसभर झोपून राहतो, नातवाला ओळखत नाही. घरात म्हणतात ‘वय झालंय’, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात ‘ऊन लागलंय’ असं म्हणून एक सलाईन लावून घरी नेतात. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे: कालपर्यंत नीट बोलणारा म्हातारा माणूस आज अचानक बरळायला लागला तर त्याला १०३ ताप आलाय असंच समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यात श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून जास्त झाला असेल किंवा वरचं बीपी १०० किंवा त्याखाली आलं असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

सेप्सिस म्हणजे नुसतं ‘रक्तात जंतू गेले’ असं नाही. २०१६ साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे, संसर्गाला शरीराने दिलेली प्रतिक्रियाच इतकी बिघडते की स्वतःचेच अवयव निकामी व्हायला लागतात. त्यामुळे लघवीचा संसर्ग मूत्राशयात, पण बंद पडायला लागलेत मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू, असं चित्र दिसतं. वृद्धांमध्ये सुरुवात बहुतेक वेळा छातीतून किंवा लघवीतून होते. त्याखालोखाल पित्ताशय, आतडी, पाठीचे बेडसोर आणि मधुमेही पायाची जखम. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबत असेल तर पुरुषांमध्ये हा धोका वाढतो.

आयसीयूत सध्या काय चाललं असेल? अँटिबायोटिक, शिरेतून पाणी आणि त्यानेही बीपी टिकत नसेल तर नॉरॲड्रेनालिन या बीपी वाढवणाऱ्या औषधाचा पंप. पहिल्या तीन तासांत वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली पाणी द्यावं असं मार्गदर्शन आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मिली. पण हृदय कमजोर असेल तर तेच पाणी छातीत साचतं, म्हणून वृद्धांना ते थोडं थोडं, तपासत द्यावं लागतं. पू किंवा अडथळा कुठे असेल तर तो मोकळा केल्याशिवाय नुसत्या औषधांनी भागत नाही. खड्याने मूत्रनलिका अडली असेल तर स्टेंट (आत बसवायची बारीक नळी), पित्ताशयात पू असेल तर नळी, पाय सडला असेल तर ऑपरेशन. तुम्ही हा एक प्रश्न जरूर विचारा: “संसर्गाचं मूळ सापडलं का, आणि ते काढण्यासारखं आहे का?”

आता तुमचं काम. आजारपणाआधीचे तुमचे वडील कसे होते हे त्या आयसीयूत कोणालाच माहीत नाही, ते फक्त तुम्हाला माहीत आहे. स्वतः चालत देवळात जायचे की काठी लागायची, हिशेब करायचे की नावं विसरायचे, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. घरातल्या सगळ्या गोळ्या, गावातल्या डॉक्टरांनी आधी दिलेल्या इंजेक्शनची चिठ्ठी, सगळं घेऊन जा. आणि गुडघेदुखीसाठी कुठल्या ‘पुड्या’ चालू होत्या का, हे लपवू नका. आमच्याकडे खेड्यापाड्यांतून येणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांनी अशा बिननावाच्या पुड्या वर्षानुवर्षं घेतलेल्या असतात. त्यात स्टेरॉइड असेल तर ताप आणि सूज दोन्ही झाकली जातात, आणि पुड्या एकाएकी बंद झाल्या की बीपी खाली येऊन वर येत नाही. हे कळलं तर शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड देता येतं. ही माहिती कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा लवकर तुमच्याकडून मिळते.

भेटीच्या वेळी चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घेऊन जा. त्यांच्याशी घरच्या भाषेत बोला. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातले तेलुगूभाषक विणकर आजोबा अशा भ्रमात मराठी सोडून तेलुगूवर येतात, अक्कलकोटकडचे कन्नडवर. ती भाषा न येणाऱ्या सिस्टरला वाटतं ते अजून बरळतायत. प्रत्यक्षात ते पाणी मागत असतात. घरची कोणती भाषा, हे केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. दिवस कोणता, आपण कुठे आहोत, बाहेर कोण बसलंय, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगितल्याने खरंच फरक पडतो.

वाचतील का? नुसत्या वयावरून हे ठरत नाही. बीपीसाठी औषध लागतंय आणि रक्तातलं लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडत असल्याची खूण) २ च्या वर आहे, याला सेप्टिक शॉक म्हणतात. त्यात सर्व वयांचे मिळून ४० टक्क्यांहून जास्त रुग्ण रुग्णालयात दगावतात, असं त्याच २०१६ च्या व्याख्येत नोंदवलं आहे. शॉक नसेल तर चित्र बरंच आशेचं असतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत रोज एवढंच विचारा: पंपाचा डोस कालपेक्षा कमी की जास्त, लघवी तासाला किती (६० किलोच्या माणसाला निदान ३० मिली हवी), लॅक्टेट उतरतंय का, कल्चरमध्ये (कोणता जंतू आहे ते शोधणाऱ्या तपासणीत) काय आलं. रोजचा एकेक आकडा पाहून जीव टांगणीला लावू नका, दिशा बघा. आणि तीन दिवसांनी दिशा उलटीच असेल, वडील आधीपासूनच अंथरुणाला खिळलेले असतील, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस कुठपर्यंत, हे डॉक्टरांबरोबर बसून बोला. वडील काय म्हणाले असते, याचा विचार करणं म्हणजे त्यांना सोडून देणं नव्हे.

पुण्याबद्दल मी स्पष्ट सांगते. रस्त्याने अडीचशे किलोमीटर, पंप चालू असताना, हा प्रवास जिवावर बेतू शकतो. सेप्सिसला लागणारं बहुतेक सगळं सोलापुरात मिळतं. “तिथे असं काय होईल जे इथे होत नाही?” याला डॉक्टरांनी नेमकं उत्तर दिलं तरच हलवा, तेही बीपी स्थिर करून आणि सोबत डॉक्टर असलेल्या अँब्युलन्समधून. पाहुणे म्हणतात म्हणून नको.

खर्चासाठी आजच रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना (सरकारी योजनेची मदत करणाऱ्यांना) भेटा, महात्मा फुले या राज्याच्या आरोग्य योजनेत केस बसते का विचारा; रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी असतात, तेही विचारा.

घरी आल्यावर अशक्तपणा आणि विसराळूपणा काही महिने राहू शकतो. फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून सुरू करा, जेवताना ठसका लागतोय का बघा, लघवीची नळी असेल तर ती कधी काढायची याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पुन्हा तसंच बरळणं सुरू झालं तर ताप मोजत बसू नका, तेच कार्ड घेऊन सरळ कॅज्युअल्टीत या.