पगार पावणेबारा लाख, बाग स्वतःच्या नावावर: मग कर कसा निघाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणला नोकरी, पगार पावणेबारा लाख. गुहागर तालुक्यातली आंब्याची बाग आजोबांनी तुमच्या नावावर केलेली, त्यातून पाच लाख. वडील निवृत्त शिक्षक, सहा लाखांच्या आसपास पेन्शन. आईच्या नावावर एफडी, तिच्यावर बँकेने टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापला. २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंत कर नाही म्हणाले आणि सीएने तुमच्यापुढे ३१,२०० चा आकडा ठेवला.

सीएने चूक केलेली नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण तुमच्या लिहिण्यात त्याच्यावरचा राग दिसतोय.

शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, ते खरंच आहे. पण नोकरीचं उत्पन्न करपात्र असेल आणि शेतीचं पाच हजारांच्या वर असेल, तर दर ठरवायला शेती मोजली जाते. तुमच्या पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले ११ लाख. त्यात बागेचे ५ मिळवा, १६ लाख. नव्या दरांनी (४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५) कर होतो १ लाख २० हजार. यातून शेतीचे ५ अधिक सुरुवातीचे करमुक्त ४, अशा ९ लाखांवरचा ३० हजार कर वजा करायचा. राहिले ९० हजार.

आणि इथे १२ लाखांची खरी गोष्ट कळते. १२ लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त झालेलं नाही, करमुक्त फक्त पहिले ४ लाख आहेत. पुढच्यावर कर लागतो आणि सूट म्हणून परत सोडला जातो, तोही जास्तीत जास्त ६० हजार. तुमच्या ९० मधून ६० गेले, ३० उरले, वर ४ टक्के उपकर. ३१,२००. जुन्या करपद्धतीत जाऊ का, असं विचाराल तर गृहकर्जाची आणि ८०सीची (विमा, पीपीएफसारख्या बचतीची) वजावट सगळी धरूनही तुम्हाला याच्या कितीतरी पट भरावं लागेल. तो नाद सोडा.

आता कामाचं. ते पाच लाख नक्की कसले? वाशी बाजारातल्या दलालाकडून आलेल्या पट्ट्यांची (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांची) बेरीज की खर्च जाऊन उरलेले? माझ्या अनुभवात दहातले आठ जण पट्ट्यांची बेरीजच सांगतात. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर वाडीतल्यांचे रिटर्न भरून द्यायला लागलो. एक शेजारी दरवर्षी प्लास्टिकच्या पिशवीत पट्ट्या घेऊन येतो, काही आमरसाने चिकटलेल्या. पट्टीवर आडत (दलाली), हमाली, भाडं आधीच कापलेलं असतं, तेवढंच तो खर्च समजायचा. फवारणी? खत? राखणीचा माणूस? काढणीची मजुरी, पेट्या, पेंढा, कलमांची साफसफाई? ‘तो खर्च दरवर्षीचाच’ म्हणाला. दरवर्षीचा म्हणून तो खर्च नाही की काय! वहीत मांडलं तेव्हा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला.

तुमच्या बागेचं निव्वळ उत्पन्न ३ लाख निघालं तर कर १५,६०० वर येतो. दीड लाख किंवा त्याखाली असेल तर शून्य. म्हणून आधी खर्चाच्या पावत्या शोधा, सीएशी भांडण मग. मात्र नसलेला खर्च लिहू नका. शेतीचं उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की रिटर्नमध्ये जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, स्वतःची की कसायला घेतलेली, ओलिताखाली की पावसावरची, हे सगळं विचारतात. आणि बागेचं उत्पन्न असताना रिटर्नचा आयटीआर १ हा फॉर्म चालत नाही, पगारदाराला आयटीआर २ भरावा लागतो.

बाग खंडाने दिली असेल तर तुम्हाला मिळणारा खंड शेतीचंच उत्पन्न. पण झाडावरचं तयार फळ नुसतं विकत घेऊन उतरवणारा व्यापारी ‘माझंही शेतीचं’ म्हणाला तर चालत नाही, तो त्याचा धंदा. आमरस डबाबंद करून विकलात तर तिथेही शेती संपली, धंदा सुरू झाला.

वडिलांचं सोपं आहे. सहा लाखांतून ७५ हजार गेले, सव्वापाच उरले, कर शून्य. हीच बाग त्यांच्या नावावर असती तरी शून्यच आला असता. १२ लाखांची मर्यादा घराला नसते, माणसाला असते. आपल्याकडे मात्र चूल एक, म्हणून हिशेबही एक धरतात.

आईच्या एफडीबद्दल. ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजावर टीडीएस कापायची मर्यादा त्याच अर्थसंकल्पात ५० हजारांवरून १ लाख झाली. व्याज त्याच्या वर गेलं आणि ‘माझ्यावर कर बसत नाही’ असा फॉर्म बँकेत दिला नाही तर बँक १० टक्के कापणार. टीडीएस म्हणजे अंतिम कर नव्हे, कर बसत नसेल तर रिटर्न भरला की परत मिळतो. पण ती एफडी वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून केली असेल तर कायद्याने ते व्याज वडिलांच्या उत्पन्नात धरतात, नाव आईचं असलं तरी. मी स्वतः बँकेत आयुष्य काढून ही चूक केली. निवृत्तीचे पैसे आले तसे अर्धे बायकोच्या नावावर टाकले आणि दोन वर्षं तिचंच व्याज म्हणून दाखवलं. नंतर ती चूक दुरुस्त करताना बायको म्हणाली, ‘एवढी वर्षं काउंटरवर लोकांना हेच सांगत होतात ना?’ तुमच्या वडिलांचं उत्पन्न व्याज धरूनही १२ लाखांच्या खालीच आहे, कर येणार नाही. फक्त टीडीएस आईच्या पॅनवर आणि उत्पन्न वडिलांकडे असा गुंता आहे, तो सीएकडून नीट लावून घ्या.

त्याच अर्थसंकल्पातला एक बदल कोकणाच्या कामाचा होता, पण त्याची फारशी चर्चा झाली नाही. स्वतःसाठी ठेवलेल्या दोन घरांचं भाड्याचं उत्पन्न करासाठी आता विनाअट शून्य धरतात. पूर्वी दुसऱ्या घरात न राहण्याचं कारण नोकरी-धंदा असावं लागायचं. गणपती-शिमग्याला उघडणारं गावचं घर आणि मुंबईतला फ्लॅट असलेल्या निवृत्त चाकरमान्याला आता कारण द्यावं लागत नाही.

‘महागाईत घराला काय मिळालं’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. दुकानातल्या बिलाचा १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाशी फारसा संबंध राहिलेला नाही, त्यावरचा कर जीएसटी परिषद ठरवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर, आंब्याचे पुठ्ठ्याचे खोके १२ वरून ५ वर आले. फवारणीची बहुतेक औषधं १८ वरच राहिली, आणि बागायतदाराला खरा खर्च तोच. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाहीच. एप्रिल २०२५ मध्ये त्यावरचं उत्पादन शुल्क लिटरला २ रुपयांनी वाढलं, पंपावरचा दर तोच राहिला म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच वेळी घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी वाढला, तो मात्र स्वयंपाकघरात लगेच कळला.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. सातबारा फक्त तुमच्या नावाचा आहे की सामाईक? आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात, त्यातले निम्मे हयात नसतात. काका-आत्यांचा हिस्सा असेल आणि तुम्ही तो खरोखर देत असाल, तर पाचही लाख तुमचे नाहीत. पट्टी कोणाच्या नावाने येते, पैसे कोणाच्या खात्यात जमा होतात आणि तिथून कोणाला किती जातात ते बघून कळवा. रोखीने देत असाल तर निदान वहीत तारीख घालून सही घ्या.