दर देशाचा, नोकरी मुलाची

प्रश्न : मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, एमएससाठी युरोपात जायचं म्हणतो. मी तिथल्या देशांच्या बेरोजगारीच्या दरांचा तक्ता केला. चेकिया तीन टक्क्यांच्या आत, जर्मनी थोडा वर, स्पेन अकराच्या आसपास. कमी दराचा देश निवडला तर नोकरी पक्की समजायची का? – एक आई, ऐरोली

उत्तर : नमस्कार ताई. तक्ता मेहनतीने केलाय, पण त्याच्या भरवशावर शैक्षणिक कर्ज काढू नका.

युरोस्टॅटच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या आकडेवारी कार्यालयाच्या लेखी बेरोजगार कोण? त्या आठवड्यात तासभरही काम न केलेला, गेले चार आठवडे काम शोधणारा आणि दोन आठवड्यांत रुजू होऊ शकणारा. आठवड्यातून पाच तास पिझ्झा पोचवणारा तिथे नोकरदार ठरतो, आणि शोधून शोधून कंटाळून घरी बसलेला बेरोजगारांत धरलाच जात नाही. जर्मनीचंच बघा. 2024 मध्ये युरोस्टॅटचा दर साडेतीन टक्क्यांच्या आत, तर तिथल्या सरकारी रोजगार संस्थेचा सुमारे 6. कारण ती संस्था नाव नोंदवलेले मोजते आणि त्यात आठवड्याला 15 तासांपेक्षा कमी काम करणारेही येतात. तुमच्या तक्त्यात दोन्हीकडचे आकडे मिसळले नाहीत ना, ते आधी तपासा.

मग 25 वर्षांखालच्यांचा दर काढा. स्पेनमध्ये 2024 मध्ये तो 25 टक्क्यांच्या वर होता, जर्मनीत त्याच्या पावपट. पण जर्मनीचा हा आकडा कमी राहतो तो बराचसा 'आउसबिल्डुंग'मुळे. दहावी-बारावीच्या वयातली मुलं कंपनीत पगारावर काम शिकतात, जोडीला शाळा, आणि पुष्कळदा तिथेच कायम होतात. तुमचा मुलगा त्या दाराने आत जाणार नाही. आपल्या रबाळे एमआयडीसीत गेटवर 'फिटर, सीएनसी ऑपरेटर पाहिजेत' अशी पाटी असते आणि त्याच रस्त्यावरून बीई झालेली मुलं बायोडेटा घेऊन फिरतात. तसंच ते.

शिवाय दर हलतात. 2013 मध्ये स्पेन 26 टक्क्यांवर होता. जर्मनीत ऑगस्ट 2025 मध्ये नोंदणीकृत बेरोजगार 30 लाखांवर गेले. तिथला वाहन उद्योग नोकऱ्या कमी करतोय, आणि मेकॅनिकलवाल्यांचा ओढा नेमका तिकडेच असतो. मुलगा डिग्री घेऊन बाहेर पडेल तेव्हाचा दर आज कुणालाच सांगता येणार नाही.

तरीही माझं मत जर्मनीकडे झुकतं. एमएसनंतर नोकरी शोधायला 18 महिने राहता येतं, सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी नाममात्र असते. राहण्याच्या खर्चापोटी वर्षाचे 11,904 युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) ठेवावे लागतात, ते मात्र हिशेबात धरा.

एक काम मुलालाच करू दे. ज्या शहरात जायचं तिथल्या त्याच्या विषयातल्या वीसेक जाहिराती काढायच्या आणि किती जण जर्मन भाषा मागतात ते लिहायचं. बहुतेक ठिकाणी बी-2, म्हणजे कामकाज जमेल इतकी जर्मन, दिसेल. ती यादी पाहूनही उत्साह टिकला, तर याच महिन्यात ए-1 चा, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीचा क्लास लावा. अर्ज नंतर.