साडेचार वर्षांच्या मुलीला दुसऱ्याला मदत करायला कसे शिकवावे?

आपली मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि ती दयाळू व्हावी म्हणून येत्या वाढदिवसाला तिला अनाथाश्रमात नेऊन तिच्या हातून खाऊ वाटावा का, असे आपण विचारले आहे. मी १९ वर्षे बालवाडीत शिकवते आहे आणि माझे स्पष्ट मत असे आहे की, या वयात तसे करू नये. खाऊ वाटताना मुलीला एवढेच दिसते की आपण देणारे आणि रांगेत बसलेली मुले घेणारी. त्या मुलांना काय हवे आहे हे तिला कळत नाही, कळण्याइतका वेळही तेथे मिळत नाही, आणि रांगेतल्या मुलाच्या मनाचा तर कोणीच विचार केलेला नसतो.

मदतीची ओढ मुलांमध्ये मुळातच असते. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दीड वर्षाच्या २४ मुलांसमोर मोठ्या माणसाच्या हातून कपड्यांचा चिमटा खाली पडे, किंवा दोन्ही हात भरलेले असल्यामुळे त्याला कपाट उघडता येत नसे. २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी आपणहून मदत केली. आपल्या घरीही हेच घडत असते, फक्त आपण त्याला लुडबूड म्हणतो. पोळ्या लाटताना मूल पिठात हात घालते, केर काढताना केरसुणी ओढते आणि आपल्याला घाई असल्यामुळे आपण त्याला टीव्हीसमोर नेऊन बसवतो.

म्हणून तिला घरातले खरे काम द्यावे. जेवणाच्या वेळी ताटे घेणे, मटार सोलणे, आजोबांचा चष्मा शोधून देणे ही कामे तिला जमतील; पाणी सांडले तर फडके कोठे आहे ते दाखवावे. कामाबद्दल चॉकलेट मात्र देऊ नये. याच दोघा संशोधकांना २००८ मध्ये असे आढळले की, मदतीबद्दल वस्तू मिळालेली लहान मुले पुढे कमी मदत करू लागली, कौतुकाने मात्र तसे झाले नाही.

पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, कारण धाकट्या भावंडांना सांभाळण्यात मोठ्या मुलांची शाळा बुडत असे. धाकट्याला सांभाळताना त्याला काय हवे आहे ते ओळखावे लागते. आपल्या घरी धाकटे भावंड नसेल, तर शेजारच्या रांगत्या बाळाशी तिची गट्टी जमू द्यावी. ते का रडते आहे, भूक लागली की झोप आली, हे ओळखण्याचा प्रयत्न करणे हाच या वयातला सर्वांत मोठा धडा आहे, असे मला वाटते.

आमच्या वर्गात एका मुलीचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डबा खायची वेळ झाली तशी तीन-चार मुले तिच्याकडे धावली आणि एकाने तर पोळीचा घास थेट तिच्या तोंडाशी नेला. तिने मान फिरवली आणि ती रडू लागली. तो मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला रागावले नाही. "तुला काय हवं, असं तिला विचार बरं," एवढेच म्हणाले. त्याने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "फक्त झाकण उघड." स्टीलच्या डब्याचे ते झाकण घट्ट होते, त्याने डबा दोन्ही गुडघ्यांत धरला, दात-ओठ खाऊन झाकण ओढले आणि डबा तिच्यापुढे सरकवला. जेवली ती डाव्या हाताने, स्वतःच. पुढचे तीन आठवडे तो रोज आधी तिचे झाकण उघडी आणि मग आपले. प्लास्टर निघाले त्या दिवशी त्याने सवयीने हात पुढे केला, मग थबकून विचारले, "आज उघडू का?" तिने मानेनेच नको म्हटले, आणि तो शेजारी बसून आपला डबा खाऊ लागला.