सरकारला जमीन देताना : खरेदीखत की निवाडा?

प्रश्न (पैठण तालुका) : भावी प्रकल्पासाठी थेट खरेदीचा प्रस्ताव आला आहे. आता संमती देऊन नंतर वाढीव मावेजा (भरपाई) मागता येईल का?

उत्तर : सर्वसाधारणपणे नाही. थेट खरेदी हा दोन पक्षांमधील करार असतो आणि खरेदीखत नोंदले गेले की दराचा प्रश्न मिटतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने निवाडा (जमीन संपादित करताना मावेजा ठरवणारा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश) झाला, तर मात्र कलम 64 अन्वये जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, अशा वादांचा निर्णय करणाऱ्या प्राधिकरणाकडे वाढीव मावेजा मागता येतो. त्यासाठी रक्कम उचलताना हरकत लेखी नोंदवलेली असावी लागते, आणि निवाड्याच्या वेळी आपण हजर असाल तर मुदत केवळ सहा आठवड्यांची असते. वाढीव मागणीचा हा हक्क सोडण्याच्या बदल्यातच थेट खरेदीत 25 टक्के जादा मिळतात, असे मी मानतो. समृद्धी महामार्गासाठी ग्रामीण भागात मिळालेला पाचपट दर असाच बनला होता : मूल्याची दुप्पट, त्यावर तितकीच दिलासा रक्कम (मूल्याखेरीज कायद्याने मिळणारी जादा भरपाई), आणि या चौपटीवर 25 टक्के. परंतु पाचपट कशाची, हे आधी विचारावे. रेडीरेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेला) दर आणि आसपासच्या गेल्या तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी चढ्या दराच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांत जो आकडा मोठा असेल तो धरला पाहिजे. ती खरेदीखते दुय्यम निबंधक कार्यालयातून स्वतः काढून आणावीत. मोजकेच व्यवहार दाखवून दर ठरवला गेल्यास ते तिथेच उघडे पडते.

प्रश्न (जालना) : मोसंबीची बाग आणि विहीर यांचे वेगळे पैसे मिळतात का?

उत्तर : मिळतात, पण संयुक्त मोजणीच्या पत्रकात त्यांची नोंद असेल तरच. झाडांची संख्या, वय, विहीर आणि पाइपलाइन वाचून पाहिल्याखेरीज सही करू नये.

प्रश्न (परभणी) : घेतलेली जमीन वर्षानुवर्षे पडीक राहिली, तर परत मिळते का?

उत्तर : ताबा घेतल्यापासून पाच वर्षे वापर न झाल्यास जमीन मूळ मालकाला किंवा शासनाच्या भूमी बँकेला (न वापरलेल्या जमिनी सांभाळणाऱ्या सरकारी यंत्रणेला) परत जाते, असे कलम 101 म्हणते. यातील ‘किंवा’मुळे मालकाचा हक्क पातळ होतो. शिवाय हे कलम या कायद्याने संपादित झालेल्या जमिनीपुरते आहे; खरेदीखताने दिलेल्या जमिनीसाठी त्याचा आधार घेणे कठीण आहे. परतीची अट हवी असल्यास ती खरेदीखतातच घालण्याचा आग्रह धरावा, जरी अधिकारी ती सहजासहजी मान्य करणार नाहीत.

प्रश्न (बीड) : आमची जमीन खिदमतमाश आहे. थेट विक्री करता येईल का?

उत्तर : नाही. ती देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन असून, सातबाऱ्यावर आपले नाव असले तरी त्याने विक्रीचा अधिकार मिळत नाही. इसार घेण्यापूर्वी तहसील कार्यालयातून जुन्या इनाम नोंदींच्या नकला काढून वकिलांना दाखवाव्यात.